बंद खोलीतली ऊब

सकाळी खोबरेल तेलाची बाटली पांढरी, घट्ट झालेली दिसली की मला नको वाटतं. बाकी सगळ्यांना थंडी आली याचा आनंद असतो. इथं अवसरीत शेजारच्या वहिनी बाजरी दळून आणतात, तीळ निवडायला घेतात. मी शिकवते त्या शाळेतली मुलं कानटोप्या घालून मैदानात जिथं ऊन पडेल तिथं सरकत राहतात. मी तेलाची बाटली उन्हात ठेवते आणि घरातल्या खिडक्या बघत फिरते. प्रत्येक खोलीत एक तरी उघडी आहे ना, एवढंच बघते. माझी मुलगी ईश्वरी गोधडीतून नाक बाहेर काढून कुरकुरते, "मम्मी, सगळ्यांच्या घरी थंडीत खिडक्या लावतात. आपल्याकडंच का उघडतात?" मी म्हणते, हवा हवी असते माणसाला. ती पुन्हा गोधडीत जाते. ती हवा तिला एकदा मिळाली नव्हती, हे तिला माहीत नाही.

ईश्वरी झाली तो हिवाळा मी माहेरी, येडगावला काढला. आमचा मळा धरणाच्या पाण्याला लागून. थंडीत पाण्यावरून वारा सुटला की तो सरळ आमच्या ओसरीवर येतो, मधे अडवायला काही नाही. लहानपणापासून त्या वाऱ्याची सवय होती. पण त्या वर्षीची थंडी वेगळी होती. उसाच्या पातीवरचं दव सकाळी हाताला कडक लागायचं, नखानं खरवडलं तर त्याचा चुरा पडायचा. गोठ्याबाहेरच्या घमेल्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला मी स्वतः पाहिला. म्हातारी माणसं म्हणायची, असली थंडी आम्ही बघितली नाही. ती दरवर्षीच तसं म्हणतात, पण त्या वर्षी म्हणताना कुणी हसत नव्हतं.

घरातला सगळा दिवस थंडीच्या मागे मागे जायचा. दही लागत नव्हतं, म्हणून आई विरजणाचं पातेलं पोत्यात गुंडाळून चुलीच्या बगलेला ठेवायची. दूध काढताना दादांची बोटं वळायची नाहीत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते विहिरीच्या पाण्यात हात बुडवून बसायचे, कारण पहाटे तेवढंच एक कोमट असायचं. विहिरीतून वाफ वर येताना दिसायची. कुत्रं चुलीतल्या राखेत झोपायचं आणि उठलं की राखाडी झालेलं असायचं. समोरच्या टेकाडाखालच्या द्राक्षबागांत पहाटे पालापाचोळा पेटवायचे, मणी तडकू नयेत म्हणून. तो धूर धरणावर पसरून राहायचा आणि सूर्य उशिरापर्यंत तांबडा दिसायचा.

त्यात बिबट्या. आमच्याकडं बिबट्या नवा नाही. उसात राहतो, उसात वितो. पण ऊसतोड सुरू झाली की त्याची लपायची जागा रोज थोडी थोडी कमी होते आणि मग तो वस्त्यांच्या जवळ येतो. त्या हिवाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची कालवड दाव्यासकट गेली. आमच्या गोठ्यामागं ओल्या मातीत पायाचे ठसे दिसले. दादांनी त्यावर पाटी उपडी घातली, मी बघू नये म्हणून. मी बघितले होते. अंधार पडायच्या आत सगळी दारं लागायची, आतून कडी, कडीत लाकडाचा खुंटा. आई म्हणायची, "मने, तुझ्या खोलीची कडी लागली का ते मी सोता दार ढकलून बघणार. तुझ्या हातचा मला भरवसा न्हाई."

बाहेर जनावर आणि थंडी. आत आम्ही. भीती कुठून येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती दारातून येणार होती, म्हणून दार बंद होतं.

माझ्या बाळंतपणाला आत्या आली होती. दादांची थोरली बहीण. ओतूरच्या वरच्या अंगाला डोंगराखाली तिचं सासर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरं मुंबईला, त्यामुळं कुठंही बाळंतपण असलं की आत्याला निरोप जायचा. अंगानं भरलेली, चालताना धापा टाकणारी, सकाळ-संध्याकाळ दाताला मिश्री लावून दारात बसणारी. तिला थोडा दमा होता, पण तळहात असा गरम की बाळाला तेल लावायला घेतलं की बाळ रडायचं थांबायचं. बिबट्याचा विषय निघाला की ती मिश्रीचं बोट बाजूला करून म्हणायची, "त्याला बी थंडी वाजती की. त्यो काय हौसंनं फिरतो व्हय?"

आई तिला वन्सं म्हणायची. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. सासूच्या नजरेआड आत्यानं तिला भाकरी शिकवली, पहिल्या बाळंतपणात तिचं सगळं केलं, सासूशी तिच्या वतीनं भांडली. आत्याशी बोलताना आईचा आवाज बदलायचा. आमच्यावर ओरडणारी बाई तिच्यापुढं लहान मुलीसारखी बोलायची. रात्री जेवणं झाली की दोघी चुलीपुढं पाय शेकत बसायच्या आणि जुन्या कुणाकुणाच्या आठवणी काढून तोंडाला पदर लावून हसायच्या. मी खोलीत पडल्या पडल्या ऐकायचे. त्या हसण्यानं मला झोप यायची.

माझी खोली घराच्या मागच्या बाजूला. एक दार, एक लहान खिडकी, वर एक झरोका. खिडकीशी माझी खाट, खाटेवर मी आणि बाळ. खाली आत्याचं अंथरूण आणि तिच्या उशाला शेगडी. बाळंतिणीला आणि बाळाला शेक हवाच. आधी शेगडीत गोवऱ्या असायच्या, वर ओवा टाकायचा. पण गोवऱ्यांचा धूर बाळाच्या डोळ्यांत जायचा, बाळ शिंकायचं, आत्याला दम लागायचा. मग आईनं नारायणगावच्या बाजारातून कोळसे मागवले. कोळसे लाल झाले की धूर नाही, वास नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून आई बाळाची दुपटी वाळवायची. खोली छान उबदार व्हायची. "बघा वन्सं," आई म्हणाली, "आता कसं झ्याक झालं. धूर न्हाई का काय न्हाई."

"लई ग्वाड ऊब हाय," आत्या म्हणाली.

सकाळी आत्याचं डोकं दुखायला लागलं. पहिल्या दिवशी तिनं कपाळाला सुंठ उगाळून लावली. दुसऱ्या दिवशी माझंही डोकं जड झालं. उठताना भोवंडल्यासारखं व्हायचं, तोंडाला चव नसायची. मी खोलीबाहेर ओसरीवर येऊन उन्हात बसले की दुपारपर्यंत बरं वाटायचं. आई म्हणाली, थंडी डोक्यात शिरली. बाळंतिणीला वारा लागला. तिनं खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराखालच्या फटीला गोधडी लावली. संध्याकाळी शेगडीत कोळसे थोडे जास्त घातले.

पुढच्या सकाळी डोकं आणखी दुखलं. आईनं वरच्या झरोक्यावर पोतं ठोकलं.

बाळ तेव्हा फार झोपायला लागलं होतं. आधी रात्रीतून कितीदा तरी उठायचं, आता सकाळपर्यंत हूं की चूं नाही. पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन मान टाकायचं. आत्या खुश होऊन आईला म्हणाली, "बघ, उबीला कसं निवांत झोपतंय लेकरू." आईनं बाळाची दृष्ट काढली. आम्हाला सगळं नीट चाललंय असं वाटत होतं.

त्या सकाळी दादा धार काढून आले, दुधाची किटली ओसरीवर ठेवली आणि नुसते उभे राहिले. त्यांनी मला हे नंतर सांगितलं. रोज त्या वेळेला मागच्या खोलीतून आत्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. ती उठायची, मिश्रीची डबी शोधायची, डबी सापडली नाही की स्वतःशी पुटपुटायची. त्या दिवशी काहीच नाही. बाळाचाही आवाज नाही. त्यांनी हाक मारली, "अक्का!" मग दारावर थाप मारली. आतून कडी, कडीत खुंटा. दादांनी पहार आणली, घराला वळसा घालून मागं गेले आणि खिडकी चौकटीसकट आत पाडली.

मला आठवतं ते एवढंच. चेहऱ्यावर गार पाण्यासारखी हवा पडली. वर दादांचं तोंड दिसत होतं आणि ते हलत होतं. मला वाटलं, मी त्यांना म्हणते आहे, दादा, हळू, बाळ झोपलंय. मी काहीच म्हणत नव्हते. हात उचलायचा होता, पण हात माझा नव्हता. दादा खिडकीतून आत उतरले, बाळाला उचललं, धोतरात गुंडाळून बाहेर आईच्या हातात दिलं, मला ओढत दारापर्यंत नेलं. मग आत्याकडं वळले.

आत्या कुशीवर निजली होती. हात उशीखाली. तिचे गाल गुलाबी झाले होते. तिला तशी गुलाबी मी कधी बघितली नव्हती. वस्तीवरच्या बाया जमल्या तेव्हा सगळ्या तेच म्हणाल्या, झोपल्यासारखी दिसती, चेहऱ्यावर काय तेज आलंय बघा. आई तिच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. "वन्सं, अवो वन्सं, गार पडलाय तुमी." ती म्हणाली, कुणीतरी शेगडी जवळ आणा.

शेगडी विझली होती. दादांनी ती उचलून गोठ्यामागं नेऊन ठेवली.

मला आणि बाळाला जीपमधून नारायणगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळाच्या नाकाला नळी लावली, मला लावली आणि दादांना विचारलं, खोलीत काय पेटवलं होतं? दादांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कोळसा धुमसताना एक वायू सोडतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. खोली बंद असली की तो माणसाच्या रक्तात शिरतो आणि माणसाला कळत नाही आपण गुदमरतोय, झोपच येते. डोकं दुखणं, चक्कर येणं ही त्याचीच खूण होती. खाट खिडकीशी होती. तिथली एक चिंधी निसटून पडली असावी, तेवढ्या फटीनं आम्हाला राखलं. आत्याला दमा होता आणि शेगडी तिच्या उशाशी.

संध्याकाळी दादा माझ्या पलंगाशी बसले. आत्याला पोचवून आले होते. डोक्याचे केस अजून ओले होते. ते म्हणाले, "मने, डागदरनं सांगितलं ते तुझ्या आईपर्यंत जायला नको."

"का?"

"शेगडी तिनं भरली व्हती. रोज. सोताच्या हातानं." दादांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. "अक्का थंडीनं गेली. दम्यानं गेली. लोकं तेच बोलत्यात, तेच राहू दे. न्हाईतर तुझी आई जगायची न्हाई."

बाळ माझ्या कुशीत होतं. त्याचे ओठ पुन्हा रंगावर आले होते. मी मान हलवली.

मग आईच्या लेखी आत्याला थंडीनं नेलं. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात आई थंडीशी वैर धरल्यासारखी वागायला लागली. पहिला गारठा पडला की ती फटी बुजवायला घ्यायची. दार, खिडक्या, कौलांचे सांधे. आणि प्रत्येक हिवाळ्यात दादा तिच्या मागून फिरून त्या फटी मोकळ्या करायचे. हा त्यांच्या दोघांमधला न बोललेला खेळ मी दरवर्षी बघितला. दादांनी मागच्या खोलीला नवी खिडकी बसवली ती बंदच होत नव्हती. आई म्हणाली, सुताराला बोलवा. दादा म्हणाले, बोलवलाय, येतो म्हणलाय. सुतार कधीच आला नाही. शेगडी बेल्ह्याच्या बाजाराला जाताना टेंपोत टाकून दादांनी कुणाला तरी देऊन टाकली आणि चोरीला गेली म्हणून सांगितलं. आईनं दुसरी आणली. ती गोठ्यात बैलाच्या पायाखाली आली. बैल तिथं कसा गेला हे आई विचारत राहिली. मग त्यांनी तिला जाड रग आणून दिले, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणून दिल्या. रात्री ती निजली की एकदा उठून ते नुसती दारं बघून यायचे. आई मला फोनवर म्हणायची, "तुझ्या दादांना म्हातारचळ लागलाय. थंडीत दारं उघडी टाकत्यात. एक बाई गेली ह्या घरातनं थंडीनं, तरी अक्कल न्हाई."

दादा फोनच्या पलीकडं असायचे. त्यांचा खाकरण्याचा आवाज यायचा.

गेल्या पावसाळ्यात दादा गेले. कांद्याच्या चाळीत कांदा निवडत बसले होते, तिथंच बसल्या जागी. दुःखाच्या गडबडीत मला एक गोष्ट सुचली नाही. सुचली ती दिवाळी झाल्यावर, पहिल्यांदा तेलाची बाटली घट्ट झाली त्या सकाळी. आता येडगावच्या घरातल्या फटी कोण मोकळ्या करणार?

माझा भाऊ संदीप चाकणला कंपनीत आहे. आत्या गेली तेव्हा तो पुण्यात वसतिगृहात होता, त्यालाही थंडीचंच सांगितलं होतं. त्याची बायको काजल नुकतीच तिच्या माहेराहून लहान बाळ घेऊन येडगावला आली होती. मी ठरवलं, रविवारी जायचं आणि काहीतरी युक्ती काढायची. दादांसारखी.

शुक्रवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी सहज फोन केला. काजलनं उचलला. आवाज ओढल्यासारखा होता.

"काय गं, बरं नाही का?"

"काय नाही ताई. सकाळचं डोकं जड होतंय दोन दिवस. आई म्हणाल्या थंडी आहे."

"बाळ कसं आहे?"

"बाळ एकदम शहाणं झालंय. रात्रभर उठतच नाही."

मी कुठं उभी होते ते मला आठवत नाही. मैदानात मुलं ओरडत होती आणि मला एकाचाही आवाज येत नव्हता.

"काजल," मी म्हटलं, "बाळाला उचल आणि ओसरीवर ये. आत्ता. फोन ठेवू नको. आलीस का?"

"ताई, बाहेर गार वारा..."

"असू दे वारा. ये बाहेर. आता बाळाला ओसरीवर ठेवून क्षणभर आत जा आणि खिडकी, दार, असेल ते सगळं उघड. खोलीत शेगडी आहे का?"

"आहे. आईंनी नवीन आणली. कोळशाची. धूर होत नाही हिचा. ती न लागणारी खिडकी आहे ना, तिलाही त्यांनी पोतं ठोकलंय."

"तिच्याजवळ आता कुणी जायचं नाही. मी येते."

मिस्टरांनी मोटरसायकल काढली. मंचर, नारायणगाव, मग धरणाकडचा रस्ता. वाटेत नारायणगावच्या दवाखान्यात फोन करून ठेवला होता. संदीपच्या गावातल्या मित्राला निरोप दिला होता, त्यानं काजलला आणि बाळाला तिथं आणलं. डॉक्टर नवे होते. त्यांनी तपासलं, नळी लावली आणि म्हणाले, वेळेत आलात. एक-दोन रात्री आणखी गेल्या असत्या तर सांगता येत नव्हतं. बाळ थोड्या वेळानं रडलं. भुकेनं, रागानं, सगळा दवाखाना डोक्यावर घेऊन. मी भिंतीला टेकून खाली बसले.

मग मी एकटी येडगावला गेले. दुपार कलली होती. आई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. रस्त्याकडं डोळे लावून. तिला कुणी काही नीट सांगितलं नव्हतं.

"काय झालं बाळाला? थंडी झाली ना? मी म्हणत व्हते पोरीला, उघड्यावर बसू नको."

मी तिच्या पुढ्यात बसले. येताना सगळ्या युक्त्या आठवून बघितल्या होत्या. शेगडी हरवायची, मोडायची, काजलला काही दिवस अवसरीला न्यायचं. दादांना हे सगळं जमलं, कारण ते रोज तिथं होते. मी रोज तिथं असणार नव्हते. आणि आईला कुणी खरं सांगितलं नाही तर ती पुढच्या हिवाळ्यातही ऊबच देत राहणार होती.

"आई, बाळ बरं आहे," मी म्हटलं. "थंडीनं नाही झालं. शेगडीनं झालं."

मी सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं, वायू कसा असतो, डोकं का दुखतं. आई शेंगा सोलत होती. मग मी आत्याचं सांगितलं. बोटं थांबली नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग. दाणे परातीत, टरफलं पदरात. मला वाटलं तिला कळलंच नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "कळलं मला."

धरणावर पाणकोंबड्या ओरडत होत्या. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं.

"त्यांना ठावं व्हतं?" आईनं विचारलं.

"दादांना? हो. पहिल्या दिवसापासून."

"अन् इतकी वर्सं माझ्या हातचं जेवले." ती परातीकडं बघत होती. "त्यांच्या थोरल्या बहिणीला... अन् कदी एका शबदानं न्हाई. भांडणात बी न्हाई."

"त्यांना वाटलं तुला सोसायचं नाही."

"सोसायचं कसं नसतं?" आई एकदम माझ्याकडं वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि ते बघून मला भीती वाटली. "न सोसून काय करती मी? आज त्या बाळाला काय झालं असतं तर? त्यांनी माझं सोसणं वाचवलं, मने. बाळ कोण वाचवणार व्हतं?"

दादांवर कुणी रागावलेलं मला सहन होत नव्हतं, आणि आई म्हणत होती त्यात चूक काही नव्हतं.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काजल आणि बाळ घरी आले तेव्हा तिनं बाळाला लांबूनच बघितलं, हातात घेतलं नाही. मी दे म्हटलं तर तिनं हात मागं ओढले. मागच्या खोलीत जाऊन ती आत्याचं अंथरूण असायचं तिथं फरशीवर बसून राहिली. संदीप चाकणहून आला, त्यालाही सांगावं लागलं. तो आईजवळ जाऊन बसला. घरात सगळे चोरपावलांनी चालत होते. दादा जे होईल म्हणून घाबरले होते, ते आता होतंय असं मला वाटत होतं. मी शाळेत रजा कळवली आणि विहिरीकडं जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवून राहिले.

तिसऱ्या दिवशी गारठा फार होता. दुपारीच हातपाय बधिर होत होते. ऊसतोडवाल्यांची टोळी आमच्या बांधापलीकडच्या रानात उतरली होती. उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोप्या, वाकून शिरायच्या झोपड्या, वर निळा प्लॅस्टिकचा कागद. आई खोलीतून बाहेर आली, अंगणात उभी राहिली आणि तिकडं बघत राहिली. मग चपला न घालता चालायला लागली. मी घाबरून मागं धावले.

"आई, कुठं निघालीस?"

ती थांबली नाही. बांध ओलांडून ती पहिल्या कोपीशी गेली. आत एक पोरसवदा बाई अंगावरच्या बाळाला पाजत बसली होती. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी दगडांनी दाबला होता. मधोमध पत्र्याच्या डब्यात चुलीतले निखारे काढून ठेवले होते, वर फुंकर मारल्यासारखे लालभडक. तिथं वाकून शिरताना माझ्या तोंडावर ऊब आली. किती छान ऊब होती ती.

"बाई, हे भाईर काढ," आई म्हणाली.

ती पोरगी दचकली. "आजी, थंडी लई हाये. लेकरू काकडतंय माझं."

"काढ. कागद वर घे एका अंगानं."

"रात्री बिबट्या येतोय म्हणत्यात..."

आई मटकन खाली बसली, तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून. तिचा आवाज चिरकला, पण ती बोलली. "माझी नणंद व्हती. आईसारखी व्हती मला. मी तिच्या उशाला असेच निखारे ठेवले, दार लावलं, फटी बुजवल्या. ती मेली. थंडीनं न्हाई मेली. माझ्या हातानं मेली. माझी लेक बी मरत व्हती, नात बी. ही बघ, ही ती लेक."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग डब्याकडं. मग मांडीवरच्या बाळाकडं. तिनं एका हातानं चिंधी घेतली, डबा धरला आणि ढकलत ढकलत बाहेर नेला. मी कागदाखालचे दगड काढले. गार वारा आत आला आणि बाळ मोठ्यानं रडायला लागलं.

"दे इकडं," आई म्हणाली.

तिनं लुगड्याचा सोगा सोडला, बाळाला छातीशी घेतलं आणि वर पदर, पदरावर माझी शाल असं गुंडाळलं. बाळ रडत राहिलं. आई त्याच्या तोंडाशी कान लावून ते रडणं ऐकत होती.